बकरी अडुळशाला तोंड का लावत नाही? : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत शाळा आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पती याच विषयावरची इतकी पत्रं निघाली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. काही पत्रं मोठी होती, ती थोडी छाटली आहेत.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. लॅब म्हणायला एक कपाट आहे आणि त्यातला मायक्रोस्कोप बंद आहे. वनस्पतींचे वर्गीकरण हा धडा आला की पोरं पेंगतात, थॅलोफायटा-ब्रायोफायटा पाठ करतात अन् पेपर झाला की विसरतात. शाळेच्या आजूबाजूला अडुळसा, गुळवेल, तरोटा, निरगुडी, रुई सगळं उगवलेलं आहे. त्यावरून शिकवावं म्हणून एक तास घेतला, पण "कशावर काय चालतं" एवढ्यावरच गाडी थांबली, मुलांनी वहीत यादी लिहिली आणि बेल झाली. मुख्याध्यापक म्हणतात आधी सिलॅबस संपवा. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, अडुळसा खोकल्याला, निरगुडी सांधेदुखीला, ही यादी मुलांना घरी आजीकडून मिळतेच, त्यासाठी शाळेचा तास घालवायची गरज नाही. तुम्ही फक्त प्रश्न बदला. "हे झाड आपल्या काय कामाचं" हे शेवटी विचारा, आधी विचारा की झाड हे सगळं स्वतःसाठी कशाला बनवतं? झाडाला खोकला होत नाही, ताप येत नाही, मग पानात एवढं कडू रसायन भरून ठेवायचा खर्च ते का करतं? हा एक प्रश्न फळ्यावर लिहिला की तास आपोआप जीवशास्त्राचा होतो.

अडुळशापासूनच सुरू करा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी बकऱ्या असतील, त्यांना विचारा बकरी काय काय खाते, ती बोरीची काटेरी डहाळी पण सोडत नाही, आणि मग विचारा अडुळसा खाते का. नाही खात. म्हणून तर लोक बांधाला, कुंपणाला अडुळसा लावतात. पानात वासिसीन नावाचं अल्कलॉइड असतं, कडूजहर, झाड पळून जाऊ शकत नाही म्हणून त्याने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही सोय आहे. आणि गंमत पुढे आहे, याच वासिसीनच्या रेणूवरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झीन नावाचं औषध बनवलं, त्याचाच पुढचा भाऊ अँब्रोक्सॉल, तुमच्या गावातल्या मेडिकलवर कफ सिरपची बाटली मागा आणि मागचं लेबल मुलांना वाचायला लावा, या दोनपैकी एक नाव बऱ्याच बाटल्यांवर सापडेल. कुंपणावरचं पान ते मेडिकलची बाटली हा सगळा प्रवास एका तासात होतो अन् पोरं पेंगत नाहीत.

मग गुळवेल घ्या. बोटाएवढ्या जाडीच्या खोडाचा तुकडा प्रत्येक बाकावर द्या आणि दहा मिनिटं काही सांगू नका, फक्त बघू द्या. वरची साल कागदासारखी पातळ सुटते, नखाने काढली की खाली हिरवं खोड दिसतं, म्हणजे हरितद्रव्य खोडातही आहे, मग प्रकाशसंश्लेषण फक्त पानातच होतं का हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, नाही विचारला तर तुम्ही विचारा. सालीवर बारीक बारीक उंचवटे हाताला लागतात ती वातरंध्रं, खोडाची श्वास घ्यायची जागा. मग ब्लेडने (ब्लेड तुमच्या हातात, मुलांच्या नको) सरळ आडवा काप घ्या, मध्यापासून कडेपर्यंत बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशी रचना नुसत्या डोळ्यांनी दिसते, भिंग असलं तर सोन्याहून पिवळं. जलवाहिन्यांचं चित्र पुस्तकात बघणं आणि स्वतःच्या तळहातावर बघणं यात फार फरक आहे. उरलेले तुकडे फेकू नका, सावलीत ठेवून द्या, कितीतरी दिवस ते वाळत नाहीत आणि मातीत खोचले तर फुटतात. शाकीय प्रजननाचा धडा तिथेच झाला. आणखी एक, गुळवेलीत नर फुलं एका वेलीवर आणि मादी फुलं दुसऱ्या वेलीवर येतात, त्यामुळे तुमच्या शाळेजवळच्या वेलीला लाल फळं येतच नसतील तर त्याचं कारण शोधायला लावा, एवढा चांगला गृहपाठ मला दुसरा सुचत नाही.

मायक्रोस्कोप बंद आहे म्हणता, तो आधी दुरुस्तीला पाठवा, बऱ्याचदा नुसता आरसा किंवा लेन्सवरची बुरशी एवढाच बिघाड असतो. तोपर्यंत फोल्डस्कोप मिळतो का बघा, कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, मनू प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत स्टॅनफर्डला बनवलेला, १४० पट मोठं दाखवतो. गुळवेलीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळला की सेलोटेप चिकटवून अलगद ओढा, टेप काचपट्टीवर लावा, पर्णरंध्रं आणि त्यांच्या रक्षक पेशी अशा दिसतात की मुलं एकमेकांना ढकलून बघायला येतात. हाच प्रयोग पानाच्या वरच्या बाजूचा पण करा आणि मोजायला सांगा कुठे जास्त.

पावसाळ्यात शाळेच्या मैदानाच्या कडेला तरोटा माजतो. कोवळा असताना त्याची भाजी घरोघरी होते, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, घरी फोनवर सहा वाजता एक आणि आठ वाजता एक असे दोन फोटो काढायला सांगा. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की बिया गोळा करा, अर्ध्या तशाच पेरा आणि अर्ध्या सॅंडपेपरवर घासून पेरा, घासलेल्या किती जास्त उगवतात ते मुलं मोजतील आणि बीजावरण कशासाठी असतं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आणि होळीच्या आसपास पळस. पानं झडलेली, नुसता केशरी. पळसाचं फूल एवढं मोठं की भिंग नको, ध्वजपाकळी, दोन पंख, होडीसारख्या जोडपाकळ्या, दहा पुंकेसर त्यातले नऊ चिकटलेले अन् एक सुटा, सगळं बोटांनी उलगडता येतं. वाटाणा, तूर, हरभरा, सगळ्यांचं फूल याच घडणीचं, फक्त लहान. तूर आणि पळस एका कुळातले हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोन्ही फुलं शेजारी ठेवली की कळतं. पळसाला पानं तीनच असं आपण म्हणतो तेव्हा ती तीन पानं नसून एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत, देठाच्या बुडाशी कळी कुठे आहे ते बघून हे ठरवायचं, आणि मग निरगुडीच्या पाच, बेलाच्या तीन, कडुनिंबाच्या कितीतरी, असं मुलं स्वतःच शोधत सुटतात.

मुख्याध्यापकांना सांगा की यात सिलॅबसबाहेरचं काहीच नाही, वर्गीकरण, ऊती, प्रजनन, परिसंस्था हेच चाललंय आणि दहावीला प्रात्यक्षिकाचे २० मार्क आहेत त्याचीही तयारी होते. वर्गीकरणाचा धडा मात्र एकदम जूनमध्ये उरकू नका, वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी घ्या, कारण झाडं आपल्या वेळापत्रकाने फुलतात.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, आम्ही धरणगाव तालुक्यातले. शाळेत औषधी वनस्पतींचा प्रकल्प झाला आणि तेव्हापासून ती रोज सकाळी गुळवेलीचा काढा करून आजीला देते. माझ्या आईला शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मुलीचा उत्साह मोडायचा नाही पण भीती वाटते. शाळेने असं शिकवावं का?

उत्तर : दादा, काढा आजच बंद करा आणि आईच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इतके दिवस हा काढा चालू होता. गुळवेलीने रक्तातली साखर कमी होऊ शकते आणि वरून गोळी चालू असली तर ती जास्तच खाली जाण्याचा धोका असतो. मुलीला रागावू नका, तिने प्रेमाने केलं.

आता शाळेबद्दल. वर्गात वनस्पती बघायची, मोजायची, कापायची, वाढवायची, चाखायची नाही आणि कुणाला द्यायची तर मुळीच नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला हवा. मी प्रत्येक शिक्षकाला हात जोडून हे सांगतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, त्यांचं म्हणणं असं की ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल. वाद आपण बाजूला ठेवू, पण बघा, त्या वादाचा सगळा भार "ही वेल नेमकी कोणती" यावर येऊन पडला. खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत, तिच्याच कुळातल्या एका बहिणीच्या पानाला खालून लव, आणि तिसरीच्या खोडावर गाठीच गाठी. म्हणजे जो वर्गीकरणाचा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो तोच इथे माणसाच्या यकृताशी येऊन भिडतो. तुमच्या मुलीला हे सांगा, ती हुशार दिसते, तिला पटेल.

शिक्षकांसाठी अजून थोडं. धोत्रा, कण्हेर, कळलावी, गुंज, एरंडाच्या बिया, बिब्बा आणि रुईचा चीक, या मंडळींपासून मुलांचे हात लांब. पिवळी कण्हेर तर कितीतरी शाळांच्या आवारात शोभेला लावलेली असते आणि तिच्या बिट्ट्या घेऊन पोरं खेळतात, ती बी हृदयावर घाव घालते, जीव जाऊ शकतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कुणी काही खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, त्या झाडाची फांदी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा, डॉक्टरला झाड कळलं तर अर्धं काम सोपं होतं. विषारी झाडं शिकवायचीच नाहीत असं मात्र म्हणत नाही, उलट रुईवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी दिसते ती लांबून जरूर दाखवा, ती तेच विष खाऊन अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत. अन्नसाखळी शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण कुठलं मिळणार.

प्रश्न : सर, मी चोपड्याला दहावीत आहे. आमच्या गल्लीत एका काकांना कॅन्सर झालाय आणि सगळे सांगतात रोज सदाफुलीची पानं चावून खा. सदाफुलीने खरंच कॅन्सर बरा होतो का?

उत्तर : बेटा, काकांना पानं खाऊ देऊ नका, हे आधी जाऊन सांग. आता कारण सांगतो.

सदाफुली मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे तिच्यावर काम करत होते ते मधुमेहासाठी, कारण जमैकामध्ये लोक तिचा चहा मधुमेहावर घ्यायचे. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या. आता ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, मग त्यांनी तो धागा धरला आणि व्हिनब्लास्टिन सापडलं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही व्हिनक्रिस्टिन वापरतात.

ते काम कसं करतं हे तुला तुझ्याच पुस्तकातून कळेल. सूत्री विभाजन आठव. मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, तुर्कतंतू त्यांना दोन्ही टोकांकडे ओढतात. हे औषध तुर्कतंतू बनूच देत नाही, पेशी अर्ध्या विभाजनात अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागत असतात म्हणून त्यांना जास्त फटका. पण केसांच्या मुळाशी, अस्थिमज्जेत, आतड्यात चांगल्या पेशी पण भराभर विभागतात, त्यांनाही लागतं, म्हणून केमो घेतलेल्या माणसाचे केस जातात. हे उत्तर परीक्षेत आलं तर मार्क पण मिळतील आणि काकांकडे बघायची तुझी नजर पण बदलेल.

आता पानाचं. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. चार पानांत औषध किती येणार ते तूच गणित कर. आणि पानात तेवढं एकच रसायन नसतं, शंभराच्या वर अल्कलॉइड असतात, काहींनी रक्तदाब उतरतो, काहींनी उलट्या होतात, आणि केमो चालू असलेल्या माणसाला तेवढंही झेपत नाही. हॉस्पिटलमध्ये हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात. काकांना सांग, सदाफुलीचं औषध तुम्हाला लागत असेल तर डॉक्टर तेच देतील, शुद्ध करून, मोजून.

प्रश्न : मी अक्राणी तालुक्यातल्या आश्रमशाळेत विज्ञान शिक्षक आहे, मूळचा धुळ्याकडचा. मुलं पावरा आणि भिल समाजाची. खरं सांगायचं तर झाडांच्या बाबतीत सहावीतलं पोरगं माझ्यापेक्षा जास्त जाणतं. गावात एक म्हातारे बाबा औषध देतात, त्यांना शाळेत बोलवावं असं वाटतं पण ते कचरतात, म्हणतात तुम्ही लिहून घ्याल अन् बाहेर विकाल. त्यांचं म्हणणं खोडायचं कसं?

उत्तर : सर, खोडूच नका, बाबांचं म्हणणं बरोबर आहे. हळद जखमेवर लावतात हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं, सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने भांडून, जुने संस्कृत-उर्दू दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कडुनिंबाच्या तेलावरचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं, त्यावर अपील झालं आणि २००५ मध्ये कायमचं निकाली निघालं. हळद आणि कडुनिंब वाचले कारण त्यांचे लेखी पुरावे होते. बाबांच्या डोक्यातल्या ज्ञानाला तसा कागद नाही, म्हणून त्यांची भीती तुमच्या-माझ्यापेक्षा खरी आहे.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या ग्रामपंचायतीत ती वही कुठे आहे ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. मुलांचं काम त्या वहीला जोडा, झाडाचं नाव, कुठे उगवतं, कधी फुलतं, आधी किती होतं अन् आता किती राहिलं. औषधाची कृती, मात्रा, कशात मिसळून द्यायचं, हे वहीत घेऊच नका, बाबांनी स्वतःहून सांगितलं तरी त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका, फोनवर रेकॉर्ड करू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. त्यांना "औषध सांगा" म्हणून बोलावण्यापेक्षा "सफेद मुसळी आधी कुठे कुठे मिळायची" असं विचारायला त्यांच्या अंगणात मुलांना घेऊन जा. मुसळीचे कंद पाऊस संपायच्या आतच, बी पडायच्या आधी खणून नेले की पुढच्या वर्षी काय उगवणार, हे बाबा तुमच्यापेक्षा चांगलं समजावतील आणि ते शंभर टक्के जीवशास्त्र आहे. पोरांच्या समोर त्यांच्या आजोबाला गुरू म्हणून बसलेलं बघणं, याची किंमत मी काय सांगू.

मुलं पावरीत जे नाव सांगतील ते वहीत पहिलं, मराठी दुसरं, शास्त्रीय नाव तिसरं. हा क्रम मोडू नका. तुम्ही खाली सपाटीवरचे, तर तुमच्या अहिराणीतलं नाव पण लिहा, "हाई काय शे?" म्हणून तुम्हीही विचारताय हे मुलांना दिसू द्या.

आणि तुमच्याकडे मोह आहे, म्हणजे अर्धी प्रयोगशाळा आहेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मुलं आईबरोबर फुलं वेचायला जातात, त्यांना सांगा दोन-चार फुलं वर्गात आणा, उभी चिरा आणि स्त्रीकेसर शोधा. सापडत नाही! पाकळ्यांची ती गोड जाडसर वाटी आहे, आतून तिला चिकटलेले पुंकेसर आहेत, पण स्त्रीकेसर नाही. मग ते गेलं कुठे? मुलांना परत झाडाखाली पाठवा, वर बघायला सांगा. निदलपुंज, अंडाशय आणि त्याची लांब दांडी झाडावरच राहिलेली असते, जे गळतं ते नुसतं वाटी-पुंकेसर, आणि वर राहिलेल्यापासून पुढे पावसाच्या तोंडावर फळ तयार होतं, त्याच्या बीचं तेल. म्हणजे फूल वेचलं तरी फळ जात नाही. रात्री गोड वाटीच्या लोभाने वटवाघळं येतात आणि परागण करून जातात, तेव्हा पोरं वटवाघळाला दगड मारत असतील तर या धड्यानंतर मारणार नाहीत. फक्त एक बोला त्यांच्याशी, फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात त्यात मोहाची रोपं पण जळतात, मोठी झाडं उभी दिसतात पण त्यांच्या मागे पोरं नाहीत. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला केला किंवा खाली जुनी साडी, जाळी अंथरली तर काम होतं, हे मुलांनीच घरी पटवायचं.

परंपरेतलं ज्ञान तपासायचं कसं हे मोठ्या मुलांना सांगायचं असेल तर डॉ. रुस्तम जाल वकील यांचं उदाहरण द्या. सर्पगंधा आपल्या वैद्यांना किती जुनी माहीत, पण मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञाने ५० रुग्णांना ती देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या, मग जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये तिच्यातलं रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं. पुढे मागणी एवढी वाढली की रानातली सर्पगंधा खणून खणून दुर्मिळ झाली. ही दुसरी बाजू पण तेवढ्याच तासात सांगा.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी कडुनिंबाचा साबण करायचा विचार आहे. चालेल का? (नववी, अमळनेर)

उत्तर : साबण दर वर्षी पाच टेबलांवर असतो रे. त्यापेक्षा आजी धान्यात कडुनिंबाचा पाला का घालते ते तपास. तीन काचेच्या बरण्या घे, प्रत्येकीत मोजून १०० मूग. एकीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, दुसरीत तेवढाच आंब्याचा वाळका पाला, तिसरीत काहीच नाही. आंब्याची बरणी विसरू नकोस, नुसता पाला असल्याने फरक पडतो की कडुनिंबानेच, हे तिच्यामुळेच कळणार. प्रत्येकीत चार-चार भुंगेरे सोड, तोंडाला फडकं बांध. काही दिवसांत मुगावर पांढरे ठिपके दिसतील ती अंडी, ती मोज. महिनाभराने भोक पडलेले दाणे मोज. निकाल उलटा आला तरी तोच मांड, परीक्षक विचारतील तेव्हा न घाबरता सांग की असं आलं. शक्य असेल तर प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन बरण्या कर, एका बरणीवर भरवसा नको.

प्रश्न : आमची शाळा जळगाव शहरात, मैदान नाही, फक्त गच्ची आहे. आठ-दहा कुंड्यांत काय लावावं?

उत्तर : मॅडम, अडुळसा, तुळस, कोरफड, गुळवेल (गच्चीच्या जाळीवर चढवा), शतावरी आणि पानफुटी. सदाफुली लावा पण मुलांनी खायची नाही ही पाटी सकट. शतावरीची "पानं" म्हणजे खरं तर खोडच आहे हे मुलांना शोधू द्या. मोठी झाडं कुंडीत कोंबू नका.

पानफुटीच्या मात्र तीन-चार कुंड्या हव्यात. तिच्या पानाच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिचा दुसरा गुण वर्गात क्वचितच दाखवतात. १८१५ मध्ये बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाचं एक पत्र छापून आलं, त्यात त्याने लिहिलं होतं की हे पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू. त्याने चाखलं, आपण चाखायचं नाही, पीएचच्या (आम्लता दाखवणाऱ्या) पट्ट्या स्वस्त मिळतात त्या आणा. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, दिवसा पर्णरंध्रं उघडली तर झाड वाळून जाईल, म्हणून ही वनस्पती रात्री रंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून तेच आम्ल वापरून अन्न बनवते. म्हणून पहाटे आम्ल जास्त, संध्याकाळी कमी.

शाळा सकाळची असेल तर फारच छान. भरल्या भरल्या खालचं एक जुनं जाड पान घ्या, खलबत्त्यात थोड्या पाण्यात कुटून पट्टी बुडवा. त्याच कुंडीचं तेवढंच दुसरं पान एखाद्या मुलाने संध्याकाळी पाच-साडेपाचला, पाणी तेवढंच घेऊन. दोन्ही पट्ट्या वहीत शेजारी चिकटवायच्या, खाली तारीख, वेळ, ऊन की ढग. मग शेजारीच तुळशीचं पान घेऊन हेच करा, तिथे असा फरक येतो का बघा, आणि पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की पानफुटीचा प्रयोग परत करून संध्याकाळचा आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी जुळतो का ते मुलांना आधी वहीत अंदाज लिहून मगच मोजायला सांगा.